सातवीच्या वर्गाच्या खिडक्या

कोरोनामुळे दीड वर्ष बंद असलेली आमच्या गावची शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा भातकापणीचे दिवस होते. घरोघरी आनंद होता. मी मात्र धास्तावले. सातवीत जाणाऱ्या माझ्या मुलीला लहानपणापासून मूत्रपिंडाचा विकार आहे. अंगावरची सूज उतरावी म्हणून गोळ्या चालू होत्या आणि त्या गोळ्यांनी तिची प्रतिकारशक्ती कमी झाली होती. साधी सर्दी झाली तरी रत्नागिरीला दवाखान्यात न्यावं लागायचं. मुलांसाठी लस तेव्हा आली नव्हती.

गावात हे कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंनी बजावलं होतं, "मुलीची जात आहे. उद्या लग्न जमवायचंय. कुठे बोलू नकोस."

पहिल्या दिवशी तिला सोडायला गेले आणि वर्गात डोकावले. एकेका बाकावर तिघी-तिघी. पावसाची झड लागू नये म्हणून खिडक्यांवर बाहेरून ठोकलेलं प्लास्टिक तसंच होतं. आत कोंदट वास. मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले.

"सर, ते प्लास्टिक काढू या. हवा खेळती राहील."

"वहिनी, प्लास्टिक काढलं की वानरं आत येतात. मागे एका मुलीला ओरबाडलं होतं. परिपत्रकात आहे ते सगळं आम्ही करतोय. ताप मोजतो, साबण ठेवलाय."

ते खोटं बोलत नव्हते.

व्हरांड्यात मुलीच्या वर्गमैत्रिणीची आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिला आम्ही भाभी म्हणतो. तिचा नवरा कुवेतला असतो. दुसऱ्या लाटेत तिची सासू गेली होती. ती म्हणाली, "ताई, तुम्ही अर्ज लिहा. सह्यांसाठी मी येते तुमच्याबरोबर."

आठ दिवस आम्ही मोहल्ल्यात आणि वाडीवाडीत फिरलो. शेतातल्या बायका विळा बाजूला ठेवून ऐकायच्या आणि सही करायच्या. काही जण नकाराची मान हलवून पुन्हा कापणीला वाकायचे. एक गृहस्थ चिडून म्हणाले, "एवढी भीती वाटते तर पोरीला घरी ठेवा. आमच्या पोरांचं दीड वर्ष फुकट गेलंय. पुन्हा शाळा बंद पाडू नका."

"बंद पडू नये म्हणूनच फिरतोय, दादा," भाभी म्हणाली. त्यांनी सही केली नाही.

परत येताना ती एका बांधावर बसली. म्हणाली, "मी एका लग्नाला गेले होते. आल्यावर मला खोकला झाला, मग सासूला. मीच घरात आणलं की काय, ते अजून कळत नाही मला. म्हणून मी फिरते. तुम्ही का फिरता, ताई?"

"असंच. काळजी वाटते," मी म्हणाले. तिने एवढं मन मोकळं केलं, आणि मी तिच्याशी खोटं बोलले.

पालकसभेत सरांनी अर्ज वाचून दाखवला. तेच गृहस्थ उठले. "मुलांना दोन दिवस ताप येतो आणि उतरतो. एवढा बाऊ कशाला?"

भाभीने सासूचं सांगितलं.

"त्या म्हाताऱ्या होत्या," ते म्हणाले.

भाभी खाली बसली. ओढणी तोंडावर धरून ती जमिनीकडे बघत राहिली. ते मला बघवेना. मी उभी राहिले आणि मुलीचं नाव घेऊन सगळं सांगितलं. आजार, गोळ्या, दवाखाना. मग सर हळूच म्हणाले, "वहिनी, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

मागून भाभीचा दीर उठला. त्याची मासेमारीची होडी आहे. "वानरांचं मी बघतो," तो म्हणाला. "घरी जुनं जाळं पडलंय." रविवारी त्याने आणि इतर पालकांनी प्लास्टिक उतरवलं आणि खिडक्यांना ते जाळं ताणून बसवलं. अर्धा वर्ग व्हरांड्यात बसू लागला. मास्क सक्तीचा झाला. खोकला-ताप असेल त्या मुलाने घरी राहायचं ठरलं.

सभेची बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. सासूबाई बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मुलीने एवढंच विचारलं, "आई, सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"मला विचारलं का नाहीस?"

नंतर काही मुली तिच्या बाकावरून उठून दुसरीकडे बसल्या. कुणी वाईट बोललं नाही, पण तिचा डबा कुणी खाईना. भाभीची मुलगी तेवढी तिच्याजवळ बसायची. घरी आल्यावर माझी मुलगी दप्तर ठेवायची आणि मागच्या पडवीत जाऊन बसायची. मी चहा नेऊन ठेवायचे. तो तसाच गार व्हायचा.

त्या वर्षी तिला एकदाही दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. ते खिडक्यांमुळे की नशिबाने, मला सांगता येणार नाही. भाभीला मी माझ्या खोटेपणाबद्दल सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला त्या दिवशी बांधावरच कळलं होतं, ताई. तुमचं बोलायचं मन होईल तेव्हा बोलाल, म्हणून गप्प राहिले."

मुलगी आता अकरावीत आहे. त्या सभेचा विषय तिने पुन्हा काढला नाही. एकदा कपडे वाळत घालताना मीच काढला. म्हटलं, खिडक्यांसाठी भांडले त्याचं मला काही वाटत नाही, पण तुला आधी विचारायला हवं होतं. तिने ऐकून घेतलं. बादलीतला पुढचा कपडा उचलला, झटकला आणि दोरीवर टाकला.