आमच्या गावचा माणूस

माझे दाजी लालासाहेब यांच्या बंगल्याचं नाव 'भारत'. गेटवर तिरंगी अक्षरं, खाली सिमेंटचे दोन सिंह आणि सिंहांच्या मधोमध पाटी : 'विचारल्याशिवाय आत येऊ नये.' माझ्या थोरल्या बहिणीचा, विजयमालाताईचा, हा नवरा, आमच्याच गावचा. मी एसटीत कंडक्टर होतो, तिकिटं फाडता फाडता नाना तऱ्हेची माणसं बघितली. पण देशावर एवढं प्रेम आणि माणसांचा एवढा तिटकारा एकाच अंगात सुखानं नांदताना मी दुसरीकडं कुठं बघितला नाही.

दाजी गलाईवाले. आमच्या विटा-तासगाव भागातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या गलाईला जातात. देशात जिथं सराफबाजार तिथं आमचं एखादं माणूस भट्टी पेटवून बसलेलं असतंच. सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, जाळायचा, धुवायचा, आटवायचा आणि त्यातलं कणभर सोनं वेगळं काढायचं. धंदा कष्टाचा आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. दाजी मिसरूड फुटायच्या आत तमिळनाडूत विरुधुनगरला गेले आणि केस पिकल्यावर परतले.

तिथं त्यांना जागा दिली पेच्चियम्मा नावाच्या बाईनं. खाली भट्टी, वर राहायला दोन खोल्या. ताई लग्न होऊन गेली तेव्हा तिला तिकडं मीठसुद्धा मागता येत नव्हतं. अम्मा रोज वर येऊन बसायची. ताईला तमिळ यायला वर्ष लागलं, तोवर अम्माच मराठी शिकली, तीही आमच्या खानापूर-तासगावच्या वळणाची. भाची अंकिता तिथंच जन्मली. बाळंतपणात ताई मरता मरता वाचली. पोरीला पहिले तीन महिने अम्मानं छातीशी धरून वाढवलं. अम्माला स्वतःचं मूल नव्हतं.

एकदा तिथल्या बाजारात चोरी झाली आणि आळ आला बाहेरच्यांवर. लोक 'वडक्कन, वडक्कन' करत, म्हणजे उत्तरेकडचा म्हणत, दाजींच्या दारात आले. सांगलीचा माणूस उत्तरेकडचा! अम्मा दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "हा आमच्या गावचा माणूस आहे." लोक परत गेले. ही गोष्ट दाजी पूर्वी आम्हाला डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. हल्ली सांगत नाहीत. हल्ली त्यांना सरपंच व्हायचं आहे.

गावात परतल्यावर दाजींचं देशप्रेम उसासारखं वाढलं. गेल्या सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला तेच पाहुणे. पोरं पंजाबी, बंगाली, तमिळ वेश करून नाचली. पांढरी लुंगी नेसलेल्या एका पोराला दाजींनी स्वतःच्या खिशातून बक्षीस दिलं आणि विविधतेतल्या एकतेवर अर्धा तास पाल्हाळ लावलं. त्याच दिवशी दुपारी ग्रामसभा. तिथं याच तोंडानं त्यांनी ठराव मांडला : परप्रांतीयांना गावात खोली देऊ नये, चौकशी केल्याशिवाय वेशीच्या आत सोडू नये. टाळ्या पडल्या. वेशीवर पाटी लागली, तीही दाजींच्या खर्चानं. आणि दाजींच्या स्वतःच्या बेदाणा शेडवर राबणारे बिहारी? त्यांचं काय, असं मी विचारलं.

"ती गावात कुठं ऱ्हात्यात? शेडात ऱ्हात्यात," दाजी म्हणाले.

याला म्हणतात नाकानं कांदे सोलणं. माणूस द्राक्ष पिकवायला चालतो, बेदाणा निवडायला चालतो, फक्त माणूस म्हणून चालत नाही.

फेब्रुवारीत अंकिताचं डोहाळजेवण ठरलं. ती कोरेगावला दिलेली, सातवा महिना, पहिलटकरीण. तिचं एकच मागणं होतं : ओटी अम्मानं भरावी आणि हातात बांगड्याही तिनंच भराव्यात, तिकडच्या रीतीनं. त्या बांगड्या वाजल्या की पोटातलं बाळ ऐकतं, असं अम्मा तिला लहानपणापासून सांगत आलेली. दाजी म्हणाले, बोलावतो. चार दिवसांनी म्हणाले, अम्माची तब्येत बरी नाही, ती येणार नाही. पोरगी रडली. मग गुपचूप तिनंच अम्माला फोन लावला. अम्मा ठणठणीत होती. तिला कुणी बोलावलंच नव्हतं. ती म्हणाली, येते. अंकितानं ही गोष्ट फक्त मला आणि तिच्या आईला सांगितली. ताई नेहमीप्रमाणे पदराचं टोक चावत बसली.

कार्यक्रमाच्या दिवशी 'भारत'च्या अंगणात मांडव. फुलांचा झोपाळा, हिरवी साडी, डोक्यात मोगऱ्याची वाडी. पण हे डोहाळजेवण होतं की प्रचारसभा, देव जाणे. तालुक्याचे पुढारी पहिल्या रांगेत कोचावर. बायका ओटी भरायला थांबलेल्या आणि दाजी माईक सोडेनात. अंकिता झोपाळ्यावर बसून सारखी गेटाकडं बघत होती.

मी जेवायला बसलो तर शेजारी शिवतेज. हा वेशीवरच्या पोरांचा म्होरक्या, कामधंदा नाही, मनगटाला भगवा धागा आणि दाजींनी दिलेला मोबाइल. जिलेबी तोंडात कोंबत अभिमानानं सांगायला लागला.

"मामा, आज एक म्हातारी पकडली बगा. रिक्षातनं आली, पिशवीत निस्त्या बांगड्या. म्हणली, 'पोरीची ओटी भरायची हाय, सोड रं लेकरा.' लय फाडफाड मराठी! आमाला वाटलं इथलीच हाय. पर आधार काडाय लावलं तर तमिळनाडू. मग म्हटलं, न्हाई जमायचं. ठराव हाय."

मी ताट बाजूला सारलं. "मग? कुठं हाय ती?"

"लालासायबांस्नी फोन केला न्हवं. ते म्हणले, इकडं आणू नका, शेडवर न्हेऊन बसवा. काम करणाऱ्यांत."

मी हात धुतला नाही. तसाच दाजींकडं गेलो आणि त्यांना मांडवाच्या कडेला ओढलं.

"दाजी, अम्माला शेडात बसवलंय तुमी?"

"हळू बोल. पुढारी हायेत. आज तिला हितं आणली तर ठरावाचं काय ऱ्हाईल? संध्याकाळी जाऊन साडीचोळी करतो. तिला काय कमी पडू देणार न्हाई मी."

गरज सरो, वैद्य मरो, एवढंच माझ्या मनात आलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या केरातून सोन्याचा कण हुडकणाऱ्या या माणसानं घरचं सोनं उचलून केरात टाकलं होतं, आणि वर साडीचोळीचा हिशेब मांडत होता. किळस आली मला. मी त्यांना सोडलं आणि सरळ झोपाळ्यापाशी जाऊन अंकिताच्या कानात सांगितलं.

पोरगी उठली. कुणीतरी "आगं, ओटी व्हायचीय" म्हणून ओरडलं. ती थांबली नाही. जावई जयराज सैन्यात आहे, सुट्टीवर आलेला. त्यानं काही न विचारता गाडी काढली. त्याच्या बराकीत शेजारची खाट कुठल्या प्रांतातल्या माणसाला द्यायची, हे त्याला कुणी ठराव करून सांगितलेलं नसावं.

शेडात जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडलेली. खाली बिहारी बायका बेदाणा निवडत बसलेल्या आणि त्यांच्यात एका क्रेटवर पेच्चियम्मा, हातात स्टीलचा पेला. त्या बायकांनी तिला चहा करून दिला होता. त्यांची भाषा तिला येत नव्हती, तिची त्यांना येत नव्हती. चहा तेवढा कळला होता.

"आलीस व्हय गं!" अम्मा म्हणाली आणि तिनं आधी अंकिताच्या पोटावर हात ठेवला. रडली अंकिताच. अम्मानं पिशवी उघडून तिला बांगड्या भरायला घेतल्या, लाल आणि हिरव्या, दोन्ही हात कोपराकडं भरत आणले. ओटीला नारळ नव्हता, तांदूळ नव्हते. बिहारी बायकांतली एक उठली, तिनं ओंजळभर बेदाणा अंकिताच्या पदरात टाकला. मग दुसरीनं, मग तिसरीनं. दाजींच्या बेदाण्यानं दाजींच्या लेकीची ओटी भरली आणि दाजींना त्याचा पत्ताही नव्हता.

तेवढ्यात दाजी आले, धापा टाकत. मागनं शिवतेज, त्याची टोळी आणि मांडवातली काही गावकरी मंडळी. पोरं बिथरली होती. मांडवातून उत्सवमूर्तीच त्या म्हातारीसाठी उठून गेली म्हटल्यावर गावात बोभाटा झाला होता.

"आवं लालासायेब," शिवतेज म्हणाला, "ठराव तुमचा, पाटी तुमची, आन बाईबी तुमच्याच घरची? आमाला येडं समजलाय व्हय?"

दाजींनी इकडंतिकडं बघितलं. एका बाजूला पुढच्या निवडणुकीची मतं, दुसऱ्या बाजूला क्रेटवरची म्हातारी. विरुधुनगरात गिऱ्हाइकासमोर काही लपवायचं असलं की गलाईवाले आपसांत मराठीत बोलून घेतात. समोरच्याला काय कळतंय, ही जन्माची सवय. त्याच सवयीनं ते बोलून गेले.

"न्हाई रं. भाड्याचं घर हुतं त्यांचं. तेवढीच वळख. माझा काय संबंध?"

तिथं मराठी न कळणारं कोण होतं? बिहारी बायका. अम्माला शब्द न् शब्द कळला. तिनं अंकिताच्या हातातली शेवटची बांगडी नीट मनगटापर्यंत चढवली. 

पोरांना मात्र ते पटलं नाही. "खोटं बोलतोय ह्यो," म्हणत शिवतेज पुढं झाला आणि त्यानं दाजींची कॉलर धरली. ज्याला फोन देऊन पोसलं त्याच पोरानं. 

अम्मा उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि शिवतेजचा हात तिनं कॉलरवरनं खाली केला.

"हात काड. आमच्या गावचा माणूस हाय त्यो."

शिवतेज गोंधळला. त्यानं खरंच विचारलं, "कंच्या गावचा?"

"विरुधुनगरचा," अम्मा म्हणाली.

शेडात आमच्या गावची पंधरा-वीस माणसं तरी होती. ज्यांच्यासाठी दाजींनी वेशीवर पाटी लावली होती तीच ही माणसं. 'न्हाई, लालासाहेब आमचा हाय' असं त्यांतलं एकही बोललं नाही. मीही नाही. आणि 'मी हितलाच हाय' असं दाजीही म्हणाले नाहीत.