फोटोखालची ओळ

"हेल्पर लिहिलंय, काकू."

आमच्या गल्लीतली कॉलेजात जाणारी ताई एवढंच म्हणाली आणि खाली बघायला लागली.

रविवार होता. कुकटपल्लीतल्या आमच्या बुद्धविहारात वंदना संपली होती. नांदेड-परभणीकडून पोटासाठी या परक्या शहरात आलेली घरं जमली होती. आईनं पिशवीतून शाळेचं इयरबुक काढलं. वरचं प्लॅस्टिक तसंच ठेवलेलं, डाग पडू नये म्हणून. आईला इंग्रजी वाचता येत नाही. खेळाच्या पानावर माझा फोटो आहे, एवढं तिला पुरे होतं.

"माझी पोरगी शाळेच्या पेपरात मॅचचं लिहिती. बघा, छापून आलीय," तिनं सगळ्यांना दाखवलं. मग ताईला म्हणाली, "खाली काय लिवलंय, वाच की गं मोठ्यानं."

ताईनं वाचलं.

इंग्रजीतला तो एक शब्द आईला कळतो. शाळेनं तिच्या गळ्यात अडकवलेल्या कार्डावर तोच आहे. ती माझ्याच शाळेत वर्ग झाडते, संडास धुते, लहान पोरांची नाकं पुसते. म्हणून माझी अर्धी फी माफ होती.

कुणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडले तरी असते. आईनं इयरबुक मिटलं, प्लॅस्टिक नीट बसवलं आणि म्हणाली, "चला, खीर घ्या."

मी तेव्हा दहावीत होते. वर्षभर शाळेच्या पेपरातलं खेळाचं पान मी लिहिलं. उन्हात उभं राहून लिहिलं, कारण सावलीतल्या खुर्च्या पालकांच्या. माझी एक पद्धत होती. मॅच संपली की सगळे जिंकलेल्यांकडे धावतात. मी आधी हरलेल्या कॅप्टनकडे जायची. जिंकलेले मागाहूनही बोलतात. हरलेले बस आली की निघून जातात.

खो-खोच्या फायनलला पाहुण्या शाळेची कॅप्टन मातीत बसून रडत होती. मी माझी पाण्याची बाटली तिला दिली. ती प्यायली, मग बोलली. इयरबुकातला फोटो त्या वेळचा. माझ्या एका हातात बाटली, दुसऱ्या हातात वही. छापताना वहीचा हात कापला. बाटली ठेवली. शेजारी मॅचची बातमी, शब्दन् शब्द माझा. खाली नाव संपादक मंडळाचं.

त्या मंडळातल्या मुली माझ्याच बाकावर बसायच्या. माझ्या वहीतून गणितं उतरवायच्या. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं? माहीत होतं. हेच अजून गिळता येत नाही.

घरी आल्यावर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "माझ्यामुळं झालं गं. मी तिथं नसते तर तुला कोण तसं म्हणलं असतं?"

माझं काळीज तुटलं. हेल्पर असण्यात काय वाईट आहे? त्याच कामावर आमची चूल पेटते. आणि माझी आई स्वतःच्या कष्टाची माझ्याकडे माफी मागत होती. मी रडले. तीही रडली, तव्याकडे तोंड करून.

सकाळी तिनं मला बजावलं, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

तरी मी पेपरचं आणि इयरबुकचं काम बघणाऱ्या मॅडमकडे गेले. म्हटलं, पेपरच्या पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. बातमी माझी होती. माझं नाव द्या, पूर्ण, आडनावासकट.

शाळेत माझ्या आडनावाचं नुसतं एक अक्षर लावायचे. इथली तशीच रीत. आईलाही ते बरं वाटायचं. आडनाव वाचलं की गावाकडच्या लोकांना आम्ही कोण ते लगेच कळतं.

मॅडम हसल्या. "छोटी बात को कैकू खींच रहे बेटा? मम्मी इदरीच काम करते ना, बच्चों को वैसाइच लगा होंगा."

मी हलले नाही.

"मम्मी की नौकरी का भी सोचो," त्या म्हणाल्या. आवाज तसाच गोड. मग उद्याच्या मॅचचा कागद पुढं करत, "कल बास्केटबॉल है. अच्छा लिखते तुम. जाते जाते पानी की बोतलां भी ग्राउंड पे रखवा देना."

त्यांना कळलंच नाही आपण काय बोललो. मला त्या क्षणी सगळं कळलं. ती एकट्या पोरींची चूक नव्हती. या शाळेत मला बघायची नजरच तेवढी होती.

"नक्को मॅडम," मी म्हणाले. "पाणी मी माझ्या मनानं दिलं होतं. बोतलां बी नक्को, मॅच बी नक्को."

कागद टेबलावर ठेवला.

दुरुस्ती छापली नाही. आईला मागच्या इमारतीत टाकलं, जिथं संडास जास्त. ती मला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर मला सोसलं असतं.

आज मी इंटरला, म्हणजे अकरावीला आहे. आई तेच कार्ड घालून जाते. मी कॉलेजच्या मैदानावर जाते, वही घेऊन. आधी हरलेल्यांजवळ बसते. कुणाला तहान लागली असेल तर बाटली देते, पण माझ्या मनानं. मग कोऱ्या पानाच्या डोक्यावर सगळ्यात आधी माझं नाव लिहिते. पूर्ण. आडनावासकट. ते गाळून माझी एक ओळही आता कुणाला मिळणार नाही.