गेला होता

ढिवर मोहल्ल्यातली गोकुळा चामोर्शीच्या शाळेत पाणी भरायची. अक्षराशी तिचं सात जन्माचं वैर, पण कान मोठे तिखट. पाचवीचं इंग्रजी सुरू झालं की तिची घागर दारातल्या माठाशी जरा जास्तच रेंगाळायची.

"ही हॅड गॉन," गुणवंतराव गुरुजी म्हणायचे.

"तो गेला होता!" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची.

एकदा तिनं दारातूनच विचारलं, "गुरुजी, गेला अन् गेला होता, यात काय फरक हाय जी?"

पोरं कधी असलं विचारत नसत. गुरुजी खुलले. "बाई, तू बाजारले गेली होती, म्हंजे गेली अन् वापस आली. आपल्या मराठीत गेला होता म्हटलं का माणूस परतलाच समज."

बोलून गेले बिचारे. बांबू तोडायला भामरागडकडे गेलेला तिचा लेक मनसाराम पावसानं रस्ते तुटले तरी आला नव्हता, हे त्यांना कुठं ठाऊक!

दिवाळीला त्याचा सोबती चैतू एकटाच परतला. पुरात डोंगा उलटला, मनसारामचा देहही सापडला नाही.

"मनसाराम गेला, बाई," चैतू रडत म्हणाला.

"गेला होता म्हण," गोकुळा म्हणाली.

तेव्हापासून तिचा हाच धोशा. गाव हसलं, मग कंटाळलं. पण घरात सून होती, गिरजा. ना धड सवाष्ण, ना धड विधवा. लच्छू नावाचा कष्टाळू माणूस तिच्याशी पाट लावायला तयार होता; पण मनसारामच्या आईच्या तोंडून 'गेला' निघत नाही तोवर पाट नाही, असं पंचांनी सांगून ठेवलं होतं. पोरगी आतल्या आत वाळत होती. गोकुळाला ते दिसत होतं, म्हणून तर ती जास्तच चिडायची.

मनसारामच्या वाट्याचा भात रोज झाकून ठेवायचा, हा सासूचा हुकूम. सकाळी तोच भात गिरजा मुकाट्यानं खायची. एकदा गोकुळा बघत उभी राहिली.

"शिळा काऊन खाते वं रोज?"

"टाकवत नाई, आत्याबाई. त्याईचा हाय."

दोघींनाही तोच हवा होता, पण जन्म एकटीचाच वाया चालला होता.

त्याच दिवशी तिनं पंचांना देवळापुढं बोलावलं. गुरुजीही आले.

"माहा मनसाराम गेला," ती म्हणाली.

सवयीनं सगळे पुढच्या शब्दासाठी थांबले. गोकुळानं पदराचा बोळा तोंडात घट्ट कोंबून धरला होता.