बंदी चारांवर

भिंगकाकांचा अर्धा जन्म डोळ्याला भिंग लावण्यात गेला. धर्मसंस्थेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं त्यांचं एकच काम होतं: पालेभाजीत किडा शोधायचा आणि सापडला की अख्खी टोपली बाद करायची. धर्मग्रंथातला नियम त्यांना तोंडपाठ होता. पंख असून चार पायांवर चालणारा किडा खायचा नाही; उड्या मारायला गुडघेवाले लांब पाय असलेला टोळ तेवढा चालतो. भिंगकाका आले की आचारी चळाचळा कापत.

एका रविवारी त्यांची पुतणी जेवायला आली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची.

"काका, किड्याला सहा पाय असतात. चार पायांचा किडा जगात नाही!"

"ग्रंथात चार म्हणजे चार!" काका कडाडले. "तुमच्या कॉलेजात मोजायला चुकले असतील."

एवढं बोलून त्यांनी ताटाकडे पाहिलं, तर भाजीत एक शिजलेला किडा पंख पसरून पडलेला. पुतणीनेही पाहिला. समोर काकू हातात डाव घेऊन उभ्या होत्या. भाजी त्यांनी स्वतः निवडली होती, आणि त्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची काकांची आजवर छाती झाली नव्हती.

"अहो, काय झालं?" काकूंनी विचारलं.

काकांनी खिशातून भिंग काढलं, ताटावर वाकून सावकाश मोजलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"काही नाही," ते म्हणाले. "सहा आहेत. बंदी चारांवर आहे."

आणि त्यांनी घास उचलला.