मनगटाची दोरी

आमच्या जुळणीच्या इमारतीत रॉकेटजवळ जाताना प्रत्येक हत्यार दोरीने मनगटाला बांधावं लागतं. एखादा पाना निसटून आत पडला, तर तो शोधायला सगळं पुन्हा उघडावं लागेल. गेले काही महिने असं बांधून घेऊन वावरल्यामुळे घरी भाजी चिरतानाही मी मनगट चाचपते.

आज सकाळी ते अवाढव्य दार उघडलं आणि रॉकेट रुळांवरून लाँचपॅडकडे निघालं. इतकं हळू, की शेजारून चालताना आम्हालाच मधूनमधून थांबावं लागत होतं. समुद्राकडून वारा सुटला होता. माझी नजर सारखी एका जोडाकडे जात होती. तो मी घट्ट केला होता. केला होता ना? माझ्यामागून दोघांनी तपासला होता, तरीही.

"मनगट का चोळतेयस?" माझ्याबरोबर जुळणीत असलेल्या सुनंदाताईंनी विचारलं.

"सवय," मी म्हटलं.

"माझंही तेच चाललंय," म्हणत त्यांनी हात खिशात घातला.

मला काही स्वस्थ चालवेना. आत आम्ही इवल्याशा पान्यालाही मोकळं सोडत नाही, आणि हे एवढं मोठं धूड जुळवतो ते मात्र सोडून देण्यासाठीच. नीट गेलं तर ते परत येणार नाही. परत आलं, तर आमचं काहीतरी चुकलं.

रॉकेट पुढे सरकलं. माझा हात पुन्हा मनगटाकडे गेला. दोरीचा वळ तिथे अजून होता.