रवाणावळ

चूक माझीच होती. पाट्यांचं डिझाइन करतो मी. माधवनगरला नवी खाणावळ काढलेल्या एका बाईंच्या पाटीसाठी मी लग्नपत्रिकेचा वळणदार, वेलांटीवेल्हाळ फॉन्ट वापरला. त्यात ‘ख’ फुटून ‘रव’ झाला. गिऱ्हाईक येईना, उलट एकजण बारीक रवा मागून गेला! केलेला स्वयंपाक रोज उरायचा.

मी म्हणालो, “ताई, लोकांना वाचताच येत नाही.”

पदराला हात पुसत त्या हसल्या. “व्हय दादा. अक्षरं लय नटल्यात. पर भुकेला माणूस गाडीवरनंच वाचतोय.”

ते हसू मला टोचत राहिलं. परवा ठसठशीत, साध्या अक्षरांची पाटी घेऊन गेलो. त्यांनी आधी ताटच वाढलं. मला घास घेववेना.

“ताई, वाचणारे चुकले नव्हते. मला माझी कला मिरवायची होती. माफ करा.”