वैशाखातला चिखल

चैत्रातल्या एका मंगळवारी माझे साडू वारले.

आष्टीत लोक म्हणाले की शेटजींनी आयुष्यात एवढी एकच गोष्ट हंगाम न बघता केली. ती वेळ कुणाची चूक दुरुस्त करण्याची नव्हती. पण अशा गोष्टी दोन होत्या. पहिली म्हणजे ते आफ्रिकेला जाऊन आले. त्या प्रवासाबद्दल गावात बरंच खोटं बोललं जातं, आणि जे खरं आहे त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

साऱ्या निजाम इलाख्यात हंगामाला इतका मानणारा दुसरा माणूस झाला नसेल. धान्याची आडत आणि थोडी शेती असल्यामुळे त्यांना ती सवय लागली असेल असं कुणी म्हणेल, पण आडत करणारे गावात इतरही होते आणि ते उकडायला लागलं की माळवदावर झोपायला जात. माझे साडू होळी झाल्याशिवाय जात नसत. शिमग्याच्या आधीच ऊन तापलं तर खाली ओसरीवर घामाने निथळत पडत आणि अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, वरून हाक मारायला लागल्या की म्हणत, "होळी होऊ द्या." पाण्याचा माठ ते माघात घेत. "माघात कुंभाराला घाई नसती, मास्तर. घाईत भाजलेला माठ पाझरत न्हाई, अन् न पाझरणारा माठ म्हणजे नुसतं मडकं." घोंगडं चैत्रात घेत, तेव्हा धनगर त्यांच्याकडे काळजीने बघे. स्वतःच्या लग्नाचा फाल्गुनातला मुहूर्त त्यांनी वैशाखावर ढकलला होता, कारण फाल्गुनात पाहुण्यांना आमरस वाढता येत नाही. त्यावर अक्का आजही म्हणतात, "ते आंब्यासाठी थांबले व्हते. माझ्यासाठी न्हाई."

भांडणालासुद्धा त्यांचा हंगाम ठरलेला होता. उन्हाळ्यात शब्द पेटतो, पावसाळ्यात कुजतो, म्हणून भांडण थंडीत करावं, लवकर निवतं, असं त्यांचं मत. एका व्यापाऱ्याने ज्येष्ठात त्यांच्या ज्वारीत खडे मिसळले. साडू तेव्हा हसले, त्याला पानसुपारी दिली. मार्गशीर्षात थंडी पडल्यावर त्याच्या दारात जाऊन शेकोटीला बसले आणि बोलायला लागले. तो बिचारा सगळं विसरून गेला होता. साडूंनी त्याला आधी साऱ्याची व्यवस्थित आठवण करून दिली, आणि तो "हां, हां, बरोबर" म्हणाल्यावर मग शिव्या दिल्या.

अशा माणसाच्या घरी आमचा मेव्हणा बापू रजेवर आला. बापू अक्कांचा धाकटा भाऊ. मोंबाशाहून आत जाणाऱ्या रेल्वेत तो तारबाबू होता. त्याने ओसरीवर बसून सांगितलं की गाडीच्या खिडकीतून जिराफ दिसतात, हत्ती रुळावर उभे राहून गाडी अडवतात, आणि एकदा सिंह फलाटावर येऊन बसला तेव्हा याने आतून कडी लावून पुढच्या स्टेशनला तार केली की गाडी सावकाश पाठवा. सारं गाव तोंड उघडं टाकून ऐकत होतं. साडूंचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. सगळ्यांचं विचारून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"बघायला यायचं तर हंगाम कोणता?"

"कवाबी या की, दाजी," बापू म्हणाला.

साडू उठून आत गेले. कवाबी! एवढा शिकलेला मेव्हणा, साहेबाच्या नोकरीत, आणि बोलणं हे असं. बापू परत गेला तरी तो शब्द त्यांना सलत राहिला. हंगाम मग त्यांनी स्वतःच ठरवला, आणि तो ठरवताना केलेला विचार मला अजूनही बिनचूक वाटतो.

"आपल्या आष्टीत एखाद्याला गाठायचं असलं तर कुठं बसावं? त्याच्या घरी? न्हाई. उन्हाळ्यात आडावर बसावं. बाकीचं पाणी आटलं की सगळं गाव तिथंच येतं. आमच्या शिवारातली काळवीटं बघा. पावसाळ्यात दिसत्यात का? वैशाखात डोहावर या, बसल्या जागी मोजून घ्या. सिंहाला काय तहान न्हाई? वैशाखात जायचं, डबकं धरून बसायचं. आफ्रिका आपल्या पायाशी यील."

त्या उन्हाळ्यात त्यांनी सरावही केला. गावाबाहेरच्या डोहाकाठी, बाभळीखाली, अंगावर घोंगडं ओढून ते भर दुपारी न हलता बसू लागले. पाण्याला येणाऱ्या बायका प्रथम बिचकल्या. मग एकीने विचारलंच.

"शेटजी, हितं कावून बसलाव?"

"सिंहाची वाट बघायलो."

"आन् घोंगडं?"

"त्यानं मला वळखू नये म्हणून."

"सिंह यायचा तवा यील," बाई घागर बुडवत म्हणाली, "आक्का मात्र यायल्यात, त्या बघा."

अक्का खरोखरच येत होत्या. साडूंचा न हलण्याचा सराव तेवढ्यापुरता संपला.

मग त्यांनी बापूला पाठवलेल्या पत्राचं उत्तर आलं की वैशाखात मुळीच येऊ नका, तेव्हा इकडे धो धो पाऊस असतो. साडू ते घेऊन तडक माझ्याकडे आले. मी शाळामास्तर, जगाच्या पाठीवर जे काही चुकीचं चाललं असेल त्याला ते मला जबाबदार धरत.

"सूर्य एकच हाय ना, मास्तर? मग हितं भाजतो अन् तिथं भिजवतो, हे कसं?"

मी एक कवठ घेतलं, दिव्यासमोर धरून फिरवलं, विषुववृत्ताची रेघ काढून दाखवली. त्यांनी शांतपणे पाहिलं.

"म्हणजे आपला वैशाख तो त्यांचा श्रावण?"

"साधारण तसंच."

"मग त्यांचा दसरा कवा?"

मी कवठ पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. साडू ते माझ्या हातून घेऊन खिशात घालून घरी गेले.

त्यानंतर हंगामाची जी शोधाशोध सुरू झाली ती काही वर्षं चालली. मृगापासून पुढे तिकडे कोरडं असतं, पण मृगात पेरणी सोडून जाणारा माणूस वेडा, आणि समुद्रही तेव्हा खवळलेला. भाद्रपदात पितर येतात. ते घरी येणार आणि आपण मोंबाशाला. दसरा-दिवाळीनंतर तिकडे पुन्हा पाऊस, त्यांना वर्षातून दोनदा पडतो. हे ऐकून साडूंनी बोटांवर महिने मोजले. "दोनदा?" एवढंच म्हणाले. उरले पौष आणि माघ. पौष-माघात तिकडे कोरडं, समुद्र शांत, गवत वाळून खाली बसलेलं, जनावरं पाण्यावर. सगळं जुळत होतं. बापूनेही तेच कळवलं होतं.

"मग या पौषात निघा," मी म्हणालो.

ते माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले की जणू मी त्यांना विष दिलं.

"अन् हुरडा?"

खरंच, पौष-माघ म्हणजे हुरडा. ज्वारीची कोवळी कणसं, गोवऱ्यांची आगटी, तळहातावर चोळलेला गरम दाणा, शेंगदाण्याची चटणी. वर्षाचे बाकीचे महिने साडू या दोन महिन्यांच्या आशेवर काढत. "सिंह जंगलात बाराही महिने असतो, मास्तर. हुरडा असतो का?" मीही त्यांच्याच आगटीभोवती बसून खात होतो.

असं वर्षामागून वर्ष जात असताना त्यांची नजर मंदावू लागली. आधी आम्ही हसलो. ते माझ्या घरी आले आणि खुंटीवरच्या माझ्या कोटाला "बसा मास्तर, उठू नका" म्हणाले. ज्वारी की बाजरी हे दाणा चावून सांगू लागले. मग एकदा आगटीभोवती बसलो असताना त्यांनी तळहातावरचा हुरडा फुंकला आणि कोंड्याऐवजी दाणेच उडवले, तेव्हा कुणी हसलं नाही. वैद्यांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिकल्याशिवाय हात लावता येणार नाही, आणि लावल्यावर दिसेलच याची खात्री देत नाही. साडूंनी विचारलं, "कोणत्या महिन्यात पिकतो?" वैद्य हसले. साडू खरंच विचारत होते.

त्या रात्रीच्या जेवणाला मी तिथे होतो. अक्का भाकरी वाढत होत्या. साडू म्हणाले, पुढच्या साली हुरडा लवकर आटपून माघाच्या शेवटी काही जमतं का बघू. अक्कांनी भाकरी टोपल्यात परत ठेवली.

"तुमी सिंहाचा हंगाम बघा, हत्तीचा बघा, माझं काय म्हणणं न्हाई," त्या म्हणाल्या. "पण मला माझ्या भावाचं तोंड बघायचंय, त्याला हंगाम न्हाई. अन् डोळ्यालाबी हंगाम नसतो. हायत तवर हायत. पाडवा झाला की निघायचं."

"पाडव्याला? अगं, तिथं तवा पाऊस..."

"मग भिजू."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी वरणात बघत होतो.

पाडवा झाल्यावर मी त्यांना बैलगाडीतून नगरपर्यंत पोचवायला गेलो. निजामाची हद्द संपते तिथे करोडगिरीच्या नाक्यावर जवानाने गाडी थांबवून बोचकी तपासली. एकात वाळवलेला हुरडा निघाला.

"किधर को, शेटजी?"

"आफ्रिकेला. शेर देखने."

जवानाने थोडा विचार केला. "कौन से तालुके में पड़ता जी?"

"लई लांब हाय," साडू म्हणाले. "वहाँ साल में दो बार बारिश पड़ती."

"तो फिर वापस कायको आते?" जवान म्हणाला आणि गाडी सोडली.

ते मृग लागायच्या तोंडावर परतले. मी नगरच्या स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. अक्का आधी उतरल्या, मग त्यांच्या खांद्याला धरून साडू. पायातले जोडे तांबड्या चिखलाने माखून वाळलेले. मी विचारलं, सिंह? नाही. हत्ती? नाही. बाकीचं अक्कांनी गाडीत सांगितलं.

"सिंह कुठला दिसतोय? गवतच माणसाच्या डोक्यावर. ह्यांना डबकं धरून बसायचं व्हतं. अवो, जिकडं बघावं तिकडं पाणी! जनावर कशाला ह्यांच्या डबक्यावर यील? बापू हसून लोळायला. मग एक दिवस गाडीच्या खिडकीतनं बघते तर गवताच्या वर बाभळ हालायली. म्या म्हणलं, अवो, ते बघा. हे म्हणले, झाड हाय. म्या म्हणलं, झाडाला कान असत्यात व्हय? त्यानं मान वळवली, आमच्याकडं बघितलं, अन् पुन्हा चरायला लागलं. ते तेवढं ह्यांना दिसलं. उंच व्हतं म्हणून दिसलं."

"अन् मग?" मी विचारलं.

"मग काय. उतरल्यावर पाऊस आला. बापू वराडतोय, दाजी, आत या, दाजी, आजारी पडाल. हे मधोमध उभे, पागोटं काखेत धरून. त्याला म्हणले, थांब की बे, वैशाख हाय."

साडू गाडीच्या तोंडाशी बसले होते. बाहेर आमचा उन्हाळा होता, भेगाळलेली काळी रानं. ते हळूच म्हणाले, "वैशाखात चिखल, मास्तर. पाय काढला तर जोडा आत राहत व्हता."

गावाला सिंह हवा होता. ओसरीवर माणसं जमली, आणि साडूंनी मोकळेपणाने सांगितलं की सिंह दिसला नाही, एक जिराफ दिसला, आणि वैशाखात पाऊस दिसला. जिराफ लोकांनी मानला. पाऊस मानला नाही. शेजारचा एक म्हातारा उठता उठता म्हणाला, "सिंहानं खाल्लं म्हणले असते तरी मानलं असतं, शेटजी. पण वैशाखात चिखल? एवढी थाप बरी न्हाई." ते ऐकून साडू आत गेले, जोडे घेऊन आले आणि सगळ्यांसमोर ठेवले. लोकांनी हात लावून पाहिले. कुणी म्हणालं, वीटभट्टीची माती असेल. त्या दिवसापासून ते जोडे त्यांनी घातले नाहीत आणि कुणाला पुसूही दिले नाहीत.

पुढे मोतीबिंदू पिकला, वैद्यांनी काढला, आणि खात्री दिली नव्हती तसंच झालं. त्यांना माणसं आवाजावरून कळत, आणि हंगाम अंगावरून. शेवटपर्यंत आमच्याआधी तेच सांगत की आज वारं फिरलं. दर वैशाखात दुपारी ते मला बोलावत, जोडा मांडीवर घेऊन अंगठ्याने तो चिखल चाचपत, आणि म्हणत, "आत्ता तिथं पडत असंल." मी म्हणे, हो, पडत असेल. मी एकट्यानेच ते मानलं होतं. अक्कांनी मानण्याचा प्रश्न नव्हता, त्या भिजल्या होत्या.

यंदा वैशाख त्यांनी पाहिला नाही. तेराव्यानंतर मी गेलो तेव्हा अक्का ओसरी सारवत होत्या. साडूंच्या कपड्यांचं, अंथरुणाचं जे करायचं ते झालं होतं. जोडे कुणाला द्यायचे का, असं एका नातेवाइकाने विचारलं, तेव्हा अक्का सारवता सारवता एवढंच म्हणाल्या, "कोरडे व्हायचेत अजून."

जोडे कोनाड्यात आहेत. आमची माती काळी आहे, त्यांच्यावरचा चिखल तांबडा आहे. उजव्या जोड्यावरचा, जिथे अंगठा फिरत असे तिथला, झिजून गेला आहे. बाकीचा आहे.